नामदेवाचं आळं

“औरंगाबाद? वो नाम देव माली वाला औरंगाबाद?”

चौधरीसाहेबांनी हे विचारलं तेव्हा आमची गाडी शारजातल्या अल नहदामधून निघून दुबईच्या रस्त्याला लागली होती, आणि लागल्या लागल्या अडकली होती. गावाचं नाव सांगितलं की ऐकणारा वेरूळ-अजिंठा तरी म्हणतो नाही तर औरंगजेब तरी, याची मला सवय होती. (गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण परदेशात ते सांगितलं की पुढची पाच मिनिटं खुलाशात जातात.) हा माळी मात्र नवीन होता. मी म्हटलं, “कौन नाम देव?” त्यांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही आळंदीच्या माणसाने ‘ज्ञानेश्वर कोण?’ विचारलं.

मग कळलं की बीबी का मकबऱ्याच्या बागेत शंभरेक वर्षांपूर्वी नामदेव नावाचा माळी होता. अस्पृश्य मानलेल्या जातीचा. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक तेव्हा औरंगाबादेत राहत, बागेची देखरेख त्यांच्याकडे होती आणि घरही बागेच्या आवारातच. लिहिता लिहिता ते खिडकीतून या माळ्याकडे बघत बसायचे. रोपाभोवतीची माती नीट करायची, हौदातून पाणी आणून हळूहळू घालायचं, मग उलट्या पावलांनी मागे सरकत त्या रोपाकडे बघून स्वतःशीच हसायचं, अशी त्याची पद्धत. मूलबाळ नव्हतं, झाडंच लेकरं. दुष्काळ पडला तेव्हा बाकीच्या बागा वाळल्या, पण याने कुठून कुठून गढूळ पाणी वाहून आणून आपली झाडं जगवली. शेवटी एके दिवशी मधमाश्यांचं मोहोळ उठलं. बाकीचे माळी पळाले, हा कामातच राहिला आणि त्यातच गेला. अब्दुल हकांनी त्याचं शब्दचित्र उर्दूत लिहिलं आणि ते पाकिस्तानातल्या शाळेच्या उर्दू पुस्तकांत जाऊन बसलं. तिथली पोरं त्याचा ‘खुलासा’ म्हणजे सारांश लिहितात, ‘तशरीह’ म्हणजे स्पष्टीकरण लिहितात, ‘मरकजी खयाल’ म्हणजे मध्यवर्ती कल्पना पाठ करतात. चौधरीसाहेबांनी तो गाडी चालवता चालवता मला म्हणून दाखवला. मॅट्रिकला पाठ केलेला. वीस वर्षं होऊन गेली, एक शब्द हलला नव्हता.

मकबऱ्यापासून चार किलोमीटरवर मी वाढलो आणि आमच्याकडचा माळी मला फैसलाबादच्या माणसाने सांगितला.

हे सगळं घडलं ते कारलिफ्टमध्ये. शारजात राहून दुबईला नोकरी करणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एकाची गाडी, बाकीच्यांनी महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे आणि सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-अडीच तास एकमेकांना सहन करायचं. गाडी चौधरींची, ते फैसलाबादजवळच्या एका खेड्यातले. शेजारी लाडकाण्याकडचे एक सिंधी गृहस्थ. सिंधी लोक आदराने ‘साईं’ म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच त्यांना साईं म्हणायचो. मागे मी आणि एक कराचीवाले भाई, हिशोबनीस. गाडीत बोलायची भाषा एकच. ते तिघं तिला उर्दू म्हणायचे, मी हिंदी म्हणायचो, आणि त्यावरून कधी भांडण झालं नाही. एकदा चहा पुढे केल्यावर मी सवयीने “नक्को” म्हणालो तेव्हा कराचीवाले खो खो हसले. “ये तो हैदराबादी है!” मी म्हटलं, हैदराबादी नव्हे भाई, हा आमच्या मराठीने दखनीला दिलेला शब्द आहे, परत मागत नाही, वापरा.

बरेच दिवस गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. गाडीतल्या चौघांपैकी तिघांची ती घरची भाषा नव्हतीच. राहिले कराचीवाले. ते जनगणनेत ‘मातृभाषा उर्दू’ लिहिणाऱ्यांतले. पण त्यांची नानी रत्नागिरीकडची. कराचीत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, त्यातलं ते घर. नानी घरात काय बोलायची, विचारलं तर म्हणाले, “कोकनी कुछ बोलती थी। हम हँसते थे।” एक वाक्य मात्र त्यांना येत होतं, ते नानीच्या आवाजात म्हणून दाखवायचे: “इकडं ये रे, जेव.” अर्थ मी सांगायच्या आधी त्यांना माहीत होता. म्हणजे चौथ्याचीही नव्हती, फक्त त्याच्या घरात विसरायचं काम एक पिढी आधी उरकलं होतं.

रोज सकाळी साडेसहाला चौधरींचा फोन लागायचा. पाकिस्तानचं घड्याळ एक तास पुढे, तेव्हा तिकडे मुलीची शाळेची घाई. फोन डॅशबोर्डला अडकवलेला, आवाज सगळ्या गाडीत. आधी अम्मा जी. “पुत्तर, रोटी खा लई?” इथून सुरुवात, मग म्हैस, मग ऊस, मग चुलत्याचं पाण्याच्या पाळीवरून झालेलं भांडण. पंजाबी मला निम्मी कळते, पण चौधरींचा आवाज बदललेला पूर्ण कळायचा, पोटातून यायचा. मग बायको फोन घ्यायची आणि भाषा निम्मी पंजाबी, निम्मी उर्दू व्हायची. फी, गॅसचं बिल. मग मुलगी. आठ वर्षांची. तिच्यापाशी आले की चौधरी एकदम स्वच्छ उर्दूवर. “बेटा, दादी जान को सलाम किया आपने?” स्वतःच्या मुलीला ‘आप’. ती उत्तर द्यायची, “येस बाबा. बाबा, आय एम गेटिंग लेट.” पाठीमागून अम्मा जी नातीला काहीतरी सांगायच्या, आणि गंमत अशी की त्याही उर्दूत. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई, पोटच्या मुलाशी कडकडा बोलणारी, नातीशी बोलताना अंदाजाने पाय टाकत चालायची, पाहुण्यांच्या घरात रात्री पाणी प्यायला उठल्यासारखी.

मी विचारलं, मुलीशी पंजाबी का बोलत नाही?

“यार, पंजाबी बोलेगी तो स्कूल में कहेंगे पेंडू है.”

पेंडू म्हणजे खेडवळ, गावंढळ. हे सांगणारा माणूस स्वतः खेड्यातला आणि खेड्यावर जीव असलेला. पंजाबीत बोललं की ‘तमीज से बात करो’ असं तिथल्या कित्येक घरांत मुलांना सांगतात. भाषा ओंगळ नाही हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. साईं यावर एकदा म्हणाले होते, पंजाब्यांकडे शिवीला पंजाबी, नोकरीच्या अर्जाला उर्दू आणि पगारवाढीला इंग्रजी, सगळी व्यवस्था चोख आहे. चौधरी हसले, पण त्या दिवशी रेडिओ जरा मोठा लावला.

साईंना हे बोलायचा अधिकार होता. ते सिंधीत शिकलेले. गणित सिंधीत, इतिहास सिंधीत. गावाकडून येणारं वर्तमानपत्र अजून फोनवर सिंधीत वाचतात. चौधरी मात्र पंजाबी लिहूच शकत नाहीत. म्हणजे लिपी तीच, उर्दूचीच, पण कधी लिहिलीच नाही तर हात कसा वळणार? भावाशी रोज पंजाबीत बोलणारा हा माणूस त्याच भावाला मेसेज करतो तो उर्दूत, आणि तोही रोमन अक्षरांत. पाकिस्तानातली सगळ्यात जास्त लोकांची भाषा पंजाबी, आणि शाळेत तीच बेपत्ता.

असं का, याचं उत्तर शोधत मी मागे गेलो तर मुंबईला येऊन पोचलो. इंग्रजांनी १८४३ साली सिंध घेतला आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला. मुंबई सरकारचा कल स्थानिक भाषेत कारभार करण्याकडे. इकडे मराठी, गुजराती, कन्नड, तशी तिकडे सिंधी. पण सिंधीला ठरलेली लिपी नव्हती. अरबी वळणाची घ्यावी की देवनागरी यावर साहेबलोकांत वाद झाला, अरबी वळण जिंकलं आणि १८५३ मध्ये बावन्न अक्षरांची सिंधी वर्णमाला पक्की झाली. पुढे सिंधच्या शाळाखात्यात मराठी माणसंही गेली. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेचं नाव आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्यावरून आहे. कराचीवाल्यांना ती ‘एनजेव्ही’ म्हणून माहीत होती, आतला नारायण माहीत नव्हता. सिंध मुंबईपासून सुटला तो १९३६ मध्ये. पंजाब इंग्रजांनी घेतला १८४९ साली, आणि तिथे कचेरीत आणि शाळेत बसवली उर्दू. सहा वर्षांच्या फरकाने घेतलेले दोन प्रांत, दोन वेगळ्या दफ्तरांत गेले. साईं सिंधीत गणित शिकले आणि चौधरी उर्दूत नामदेव, याची सोय अशी त्यांच्या पणजोबांच्या जन्माआधीच लागली होती.

साईंनी मला सिंधी ‘ब’ शिकवायचा प्रयत्न केला, तो इथेच सांगून टाकतो. सिंधीत चार व्यंजनं अशी आहेत की ती म्हणताना हवा बाहेर सोडायची नाही, किंचित आत ओढायची. ‘ॿार’ म्हणजे मूल. मी ‘बार’ म्हणायचो, ते मान हलवायचे. मी पुन्हा म्हणायचो. मिर्दिफच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतली फिलिपिनो बाई आमच्याकडे बघत होती, तीन प्रौढ पुरुष ओठ मिटून बेडकासारखे आवाज काढतायत. तीनच, कारण कराचीवाले खिडकीबाहेर बघत बसले होते.

त्यांच्या त्या बघण्याला इतिहास आहे. १९७२ च्या जुलैत सिंध प्रांताच्या विधानसभेने शाळा-कचेऱ्यांत सिंधी आणणारा कायदा केला आणि कराचीत दंगली पेटल्या. फाळणीनंतर आलेल्या उर्दूभाषकांना वाटलं की एकदा घर सोडून आलो, आता इथे भाषाही जाणार. सिंध्यांना वाटलं, आपल्याच घरात आपली भाषा बोलायला परवानगी काढायची का? शेवटी तडजोड निघाली, उर्दूवाल्यांना बारा वर्षांची मुदत मिळाली. साईं आणि कराचीवाले क्रिकेटवर भांडायचे, सरकारवर भांडायचे, बिर्याणीत बटाटा घालावा का यावर तर रोज. या विषयावर मात्र दोघे एक शब्द बोलत नसत. कराचीवाल्यांनी शाळेत ‘आसान सिंधी’चं पुस्तक केलं होतं. पास होण्यापुरतं.

आणि सगळ्यात आधी ढाका. पूर्व बंगाल धरला तर तेव्हाच्या पाकिस्तानात निम्म्याहून जास्त माणसं बंगाली बोलत होती. २१ मार्च १९४८ ला जिनांनी ढाक्याच्या मैदानात जाहीर केलं की पाकिस्तानची राजभाषा उर्दू आणि फक्त उर्दू. जिनांच्या घरची भाषा गुजराती, ऐकणाऱ्यांची बंगाली, आणि भाषण इंग्रजीत. चार वर्षांनी, २१ फेब्रुवारी १९५२ ला त्याच शहरात बंगालीसाठी निघालेल्या पोरांवर गोळीबार झाला. १९५६ च्या राज्यघटनेत बंगालीला जागा मिळाली, पण तोवर मनं फाटली होती. आज जग ‘मातृभाषा दिन’ म्हणून पाळतं तो तोच एकवीस फेब्रुवारी.

या गोष्टीत आमचे औरंगाबादचे मौलवी पुन्हा भेटतात. अब्दुल हक मूळचे हापूडचे. त्यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था औरंगाबादेतून वाढवली. त्यांचा इंग्रजी-उर्दू शब्दकोश आमच्या गावातल्या छापखान्यात छापला. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावरही त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिलं. आपण ‘फडणीस’ म्हणतो त्यातला फर्दनवीस आणि ‘चिटणीस’मधला चिठ्ठीनवीस त्यांना आपल्यापेक्षा जास्त ओळखीचा असणार. फाळणीनंतर ते कराचीला गेले. पाकिस्तानात त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतात. आणि १९५४ मध्ये बंगालीला राजभाषा करायचं ठरू लागलं तेव्हा कराचीत विरोधाचा मोठा मोर्चा निघाला, त्याच्या पुढे हेच होते. ऐंशीच्या घरातले. खिडकीतून एका माळ्याचे हात तासन् तास बघणारा माणूस आणि कोट्यवधी बंगाल्यांचं बोलणं ऐकायला तयार नसलेला माणूस एकच. मला हे अजून नीट जुळवता आलेलं नाही. उर्दूवर त्यांनी प्रेम केलं ते खरं, माळ्यावर केलं तेही खरं. पण नामदेव त्यांच्याशी बोलायचा तो कुठल्या भाषेत? शब्दचित्र सगळं उर्दूत आहे. मराठी मुलखातला हा माळी, दखनीत बोलत असेल, मोडक्या हिंदुस्तानीत बोलत असेल. रोपांशी नक्कीच मराठीत.

बंगाली भांडले, सिंधी भांडले. पंजाबी भांडले नाहीत. त्यांना कशाला भांडायचं होतं? फौज त्यांची, कचेऱ्या त्यांच्या. उर्दूत लिहिणारे मोठेही त्यांच्यातलेच: इक्बाल सियालकोटचे, फैज तेव्हाच्या त्याच जिल्ह्यातले, मंटोही पंजाबी. उर्दू त्यांनी परकी मानलीच नाही, पायरी मानली. आणि पायरी चढायची तर हातातलं ओझं खाली ठेवावं लागतं. १९९८ च्या जनगणनेत पाकिस्तानात पंजाबी मातृभाषा सांगणारे ४४ टक्के होते, २०१७ मध्ये ३८.७८ आणि २०२३ मध्ये ३६.९८. उर्दू सांगणारे १९९८ मध्ये साडेसात टक्के, २०२३ मध्ये सव्वानऊ. सगळा दोष शाळेला देता यायचा नाही, लोकसंख्या सगळीकडे सारखी वाढत नाही. पण त्या आकड्यात चौधरींची मुलगी कुठे धरली असेल? फॉर्म भरायला आलेल्या माणसाला घरातून काय सांगितलं असेल? पंजाबच्या विधानसभेत आमदारांना पंजाबीत बोलायची रीतसर मोकळीक नियमात आली ती २०२४ मध्ये. पंजाबच्या विधानसभेत, पंजाबीत!

बरं, पायरी चढून वर गेलं की उर्दूही तिथे नसते. राज्यघटनेचं कलम २५१ म्हणतं की उर्दू ही राष्ट्रभाषा, आणि पंधरा वर्षांत सरकारी कामात ती आणायची. घटना १९७३ ची. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा हुकूम काढावा लागला की अहो, आणा. वरच्या कोर्टांचं काम आणि बड्या अधिकाऱ्यांची स्पर्धापरीक्षा इंग्रजीत चालत राहिली. राष्ट्रगीत तर इतकं फारसी की त्यात निखळ उर्दूचा म्हणावा असा ‘का’ हा एकच शब्द सापडतो.

चौधरींचं इंग्रजी कामापुरतं. साइटवर सोळा वर्षं, काँक्रीटच्या रंगावरून पाणी जास्त झालंय हे सांगणारा माणूस, पण ईमेल लिहायचा म्हटला की घाम फुटायचा. गाडी सिग्नलला थांबली की फोन मागे माझ्याकडे यायचा, “जरा देख लो भाई.” मी ‘द’ आणि ‘अ’ सारखे करून परत द्यायचो. वरची जागा निघाली तेव्हा मुलाखतीत त्यांना इंग्रजीत स्वतःबद्दल पाच मिनिटं बोला म्हणाले. जागा दुसऱ्याला मिळाली. त्या संध्याकाळी ते म्हणाले, “मेरी बेटी को ये नहीं देखना पड़ेगा.” यावर मी त्यांच्याशी मातृभाषेबद्दल काय बोलणार होतो?

माझं तोंड तसंही बंदच होतं. माझी मुलगी इथल्याच इंग्रजी शाळेत. मराठी बोलते, पण वस्तूंची नावं इंग्रजीत आणि क्रियापदं मराठीत, आगगाडीच्या डब्यांना बैल जुंपल्यासारखी. बाल्कनीत कढीलिंबाची कुंडी आहे. एकदा मी तिला म्हटलं, आळं कर म्हणजे पाणी बाहेर जाणार नाही. ती म्हणाली, “बाबा, मी कशाला आळस करू? कंटाळा तर तुला आलाय ना?” तिला ‘आळस’ ऐकू आलं होतं.

हे मी गाडीत सांगितलं तेव्हा ‘आळं’ म्हणजे काय हे तिघांना समजवावं लागलं. झाडाभोवती माती ओढून केलेला तो गोल. चौधरींनी स्टीअरिंगवर हात आपटला. “थाँवला!” शब्द नामदेवाच्या धड्यातला. नामदेव रोपासमोर बसून थाँवला साफ करत असतो, तिथला. कठीण शब्दांच्या यादीत होता, अर्थ पाठ केला होता: रोपाभोवती पाण्यासाठी केलेला घेरा. मग ते गप्प झाले. बराच वेळाने म्हणाले, अब्बांबरोबर पेरूच्या झाडांना हेच करत होतो लहानपणी, दर उन्हाळ्यात, शेकडो झाडांना. परीक्षेत थाँवला लिहिला तेव्हा वाटलं, औरंगाबादेत काहीतरी वेगळी वस्तू असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर म्हैस आणि ऊस झाल्यावर चौधरींनी अम्मा जींना विचारलं, आपल्याकडे झाडाभोवतीच्या त्या खड्ड्याला काय म्हणायचे? म्हातारी एका शब्दात मोकळी झाली आणि वर विचारलं, तिकडे वाळवंटात झाडं लावायला लावतात की काय तुला. मग त्यांनी तिला नामदेव सांगितला. पंजाबीत. सांगताना अडखळत होते, कारण सगळी गोष्ट डोक्यात उर्दूत बसलेली. जिथे अडेल तिथे म्हातारी शब्द पुरवत होती. मोहोळ उठलं, बाकीचे पळाले, इथवर आल्यावर तिकडून नुसता श्वास ऐकू आला. मागून नात ओरडत होती, बस आली म्हणून.

मग अम्मा जींनी काहीतरी विचारलं. चौधरी मागे वळून मला म्हणाले, “पूछ रही हैं, अब उन दरख्तों को पानी कौन देता है?”

मकबऱ्यात मी शेवटचा गेलो होतो सातवीच्या सहलीला. आवळे खाल्लेले आठवतात, झाडं आठवत नाहीत. म्हटलं, जूनमध्ये सुट्टीवर जाईन तेव्हा बघून सांगतो. चौधरींनी ते पंजाबीत तिला सांगितलं. माझ्या वाक्यापेक्षा ते बरंच लांब झालं.